रोज खांद्यावर राहील अशी एकच झूम लेन्स: १५-८५, १८-१३५ की १७-५५?

गवतफुला | ८ जून, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज स्वतःच्या गरजेपोटी धागा काढतेय.

कॅमेरा कॅनन २०० डी. सोबत जोडीत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स (आकडे मिलिमीटरमध्ये: लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ). आमचा पाचसहा जणांचा गट दर रविवारी पहाटे पेठांतून फिरतो. जुने वाडे, मंडई, नदीकाठचे घाट, कुठे दाराची कडी, कुठे तुळशीवृंदावन. महिन्यातून एकदा गाडी काढून जरा लांब, म्हणजे भुलेश्वरच्या देवळाकडे किंवा वाईकडे.

अडचण अशी की दोन लेन्स नेल्या की हवी असते ती नेमकी पिशवीत असते. मागच्या महिन्यात मेणवलीला गेलो होतो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा आहे ना घाटावर, तिच्यावरची नक्षी जवळून टिपायला ५५-२५० लावली, तोवर खाली म्हशी पाण्यात उतरल्या. सोनेरी ऊन, पाण्यावर वाफ. मी लेन्स बदलेपर्यंत म्हशी पलीकडच्या काठावर रवंथ करत होत्या.

म्हणून आता एकच लेन्स हवी, कॅमेऱ्याला कायमची लावून ठेवायची. बजेट पंचवीस हजारांच्या आसपास, वापरलेली चालेल. यादीत तीन आहेत: १८-१३५, १५-८५ आणि १७-५५ एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). उजव्या मनगटाचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे वजनाचाही विचार करून सांगा.

कातळ | ८ जून, दुपारी १.०५

१८-१३५ घ्या आणि विषय संपवा. माझ्याकडे एसटीएम (फोकसच्या शांत मोटरची) आहे, ४८० ग्रॅम. राजगडाच्या संजीवनी माचीवरून बालेकिल्लाही येतो आणि पायाशी बसलेला सरडाही. व्हिडिओ काढताना फोकसचा आवाज येत नाही. २०१६ नंतरची यूएसएम (वेगवान मोटरची) मिळाली तर आणखी उत्तम, फोकस झटकन होतो. सेकंडहँड बाजारात दोन्ही ढिगाने आहेत, कारण अनेकांच्या कॅमेऱ्याबरोबर हीच आली होती.

वाऱ्यात माचीवर लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर धूळ ओढवून घ्यायची. तो उद्योग तरी बंद होईल.

बाबूराव_पन्नास | ८ जून, दुपारी ३.४८

झूम हा आळशांचा शोध आहे. २४ मिमी एफ/२.८ ची चपटी लेन्स घ्या. १२५ ग्रॅम! तुमच्या मनगटाला कळणारसुद्धा नाही. आमच्या काळी एकच ५० मिमी होती आणि रोलमध्ये छत्तीस फोटो. पुढे जायचं असेल तर पाय होते, मागे यायचं असेल तरी पायच होते.

टिटवी | ८ जून, दुपारी ४.१५

बाबूराव, त्या काळी वाड्याच्या चौकात पाठीमागे भिंत नव्हती काय? :)

गवतफुला, मी लग्नाची कामं करते, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल. माझं मत १७-५५ ला. एफ/२.८ सगळ्या फोकल लेंथवर (म्हणजे झूमच्या प्रत्येक मिलिमीटरवर) कायम राहतं. तुमची १८-५५ ही ५५ वर एफ/५.६ ला येऊन थांबते. एफ/५.६ आणि एफ/२.८ यांत दोन स्टॉपचं अंतर (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे चौपट प्रकाश. जिथे तुम्हाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे दिसतात) ६४०० वर जावं लागतं तिथे माझं १६०० वर भागतं. २०० डी च्या सेन्सरवर हा फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः सावलीतल्या चेहऱ्यांवर.

पण वजन ६४५ ग्रॅम आहे हे आधीच सांगते. तुमची बॉडी बॅटरी-कार्डासकट साडेचारशेच्या आसपास. म्हणजे लेन्सच कॅमेऱ्यापेक्षा जड. गळ्यात अडकवली की नाक खाली करून लोंबते.

चकवा | ८ जून, रात्री ९.३०

मी निकॉनवाला, तेव्हा कॅननच्या भांडणात पडत नाही. पण हा धागा वाचून कुणी निकॉनची शोधाशोध करायला लागेल म्हणून लिहून ठेवतो. तिकडे याच जागी १८-१४० (४९० ग्रॅम) आणि जुनी १६-८५ (४८५ ग्रॅम) आहेत. पैसे असतील तर १६-८० एफ/२.८-४. वापरलेली घेताना नावात एएफ-पी आहे का ते बघा. डी ९०, डी ७००० सारख्या जुन्या बॉडीवर त्या लेन्सचा फोकस चालतच नाही. उलट डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स तिथे हातानेच फिरवाव्या लागतात. हे न कळल्यामुळे आमच्या मेव्हण्याने एक लेन्स पेपरवेट म्हणून सांभाळली आहे.

तिठा | ८ जून, रात्री ११.१०

सगळे आपापली लेन्स विकायला बसलेत. ताई, घाई करू नका. आधी घरच्या घरी एक काम करा. गेल्या वर्ष-दोन वर्षांतले तुम्हाला आवडलेले, ठेवलेले फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. काढलेले सगळे नकोत, ठेवलेलेच. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते. लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीच्या फिल्टरमध्ये ती सरळ आकड्यांनी लावून मिळते. १८ वर किती, ५५ वर किती, दुसऱ्या लेन्सने कुठवर गेलात, तेवढं मोजा आणि इथे टाका. मग बोलू.

गवतफुला | १० जून, रात्री १०.०२

तिठा, केलं. डोळे उघडले म्हणायला हरकत नाही.

ठेवलेले फोटो ११४०. त्यातले ४१२ अगदी बरोबर १८ वर! ५५ वर दीडशेच्या आसपास, मधले विखुरलेले. ५५-२५० ने काढलेले मिळून १३०, आणि त्यातलेही शंभरच्या पुढे गेलेले जेमतेम चाळीस. बहुतेक खंड्या आणि बगळे. मला वाटायचं मी सारखी लांबचं ओढत असते. प्रत्यक्षात मी रुंदीच्या टोकाला आपटत होते.

टिटवी | १० जून, रात्री १०.२०

१८ वर ढीग म्हणजे आणखी रुंद हवंय. मग १८-१३५ बाद, कारण ती सुरूच १८ ला होते.

तिठा | १० जून, रात्री ११.४५

थांबा थांबा. १८ वरचे सगळेच तसे नसतात. पिशवीतून कॅमेरा काढला की लेन्स मिटलेली असते, म्हणजे १८ वर. आपण रिंग फिरवायचे कष्ट न घेता बटण दाबतो. माझेही निम्मे तसेच निघाले होते. ताई, ते ४१२ पुन्हा चाळा. ज्यात काहीतरी कापलं गेलंय, कमानीचा माथा किंवा माडीचा कठडा, तेवढेच वेगळे काढा.

तोवर हिशेब सांगतो. कॅननच्या या सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. समोरच्या भिंतीपासून पाच मीटरवर उभे राहिलात, तर १८ वर सहा मीटरच्या थोडी वर रुंदी मावते. १७ वर साडेसहा. १५ वर जवळजवळ साडेसात. कागदावर तीन मिलिमीटर, भिंतीवर सव्वा मीटर, म्हणजे एक अख्खी खिडकी चौकटीसकट. फुलफ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या) भाषेत १.६ ने गुणायचं: १८ चे २९ होतात, १५ चे २४. लांबच्या टोकाला एवढ्याशा मिलिमीटरांनी काही बिघडत नाही. १३५ आणि १३२ मधला फरक मला कुणी ओळखून दाखवावा.

बाबूराव_पन्नास | ११ जून, सकाळी ७.१२

खिडकी मावली नाही तर अर्ध्या खिडकीचा फोटो काढावा. सगळंच मावलं पाहिजे हा अट्टहास कशाला?

गवतफुला | ११ जून, रात्री ९.४०

चाळले. १८० ते १९० असे आहेत ज्यात माझी पाठ खरंच भिंतीला टेकली होती. वाडे, देवळांचे सभामंडप, अरुंद बोळ. बाकीचे तिठा म्हणाले तसे आळसाचे.

बाबूराव काका, अर्ध्या खिडकीचेही बरेच आहेत. तेच जास्त बरे आलेत, हे कबूल.

कातळ | ११ जून, रात्री १०.३३

बरं बाबा, १५-८५. माझी हरकत नाही. पण मग ८५ च्या पुढचं काय? खंड्या काय करायचा?

टिटवी | ११ जून, रात्री १०.५०

खंड्यासाठी १३५ पण अपुरीच. तो २५० लाच येतो, आणि ती लेन्स त्यांच्याकडे आहे की. पक्ष्यांच्या दिवशी ती लावायची.

पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. १५-८५ सुरुवातीला एफ/३.५ असते, चाळिशीच्या पुढे एफ/५ होते आणि टोकाला ५.६. अंधाऱ्या जागी काय करणार?

तिठा | ११ जून, रात्री ११.३०

अंधारात *काय* आहे त्यावर आहे. भुलेश्वरच्या मूर्ती शेकडो वर्षं हलल्या नाहीत, आपल्यासाठीही हलणार नाहीत. तिथे आयएस (लेन्समधली थरथर रोखणारी सोय) कामाला येतं. १५-८५ चं चार स्टॉपचं आहे, १७-५५ चं तीन. ३० मिमीवर नेहमी १/५० सेकंदाचा शटर लागत असेल, तर श्वास रोखून, खांबाला टेकून १/८ ला सहज मिळतो. पण ढोल वाजवणाऱ्याच्या हाताला आयएसचा काडीचा उपयोग नाही. आयएस तुमच्या हाताची थरथर थांबवतं, त्याच्या हाताची नाही. तिथे १/२५० पाहिजे आणि मग टिटवीताईंचं एफ/२.८ च खरं.

दोन्ही भाड्याने आणून बघा. दिवसाच्या भाड्याने लेन्स देणारे तुमच्या शहरात आहेत. डिपॉझिट घेतात, पण पंचवीस हजार चुकीच्या ठिकाणी घालण्यापेक्षा बरं.

परसदार | १२ जून, दुपारी १२.०५

मध्येच तोंड घालतो. २०२५ मध्ये डीएसएलआरच्या लेन्समध्ये पैसे का घालायचे? मी बंगळूरला आर ५० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) घेतला, बॉडी ३७५ ग्रॅम, आणि १८-१५० लेन्स ३१० ग्रॅम. दोन्ही मिळून टिटवीताईंच्या एकट्या लेन्सपेक्षा मूठभर जास्त. मनगटाचं दुखणं असेल तर हाच उपाय.

तिठा | १२ जून, दुपारी २.२०

मुद्दा बरोबर आहे, पण बजेट पंचवीस हजार. शिवाय तुमची १८-१५० पुन्हा १८ लाच सुरू होते, आणि ताईंची कुचंबणा तिथेच आहे. उद्या त्यांनी मिररलेस घेतला तरी ईएफ-एस (म्हणजे या १५-८५, १७-५५ सारखी) लेन्स ११० ग्रॅमच्या अडॅप्टरवर फोकस आणि आयएससकट चालते. पैसे बुडत नाहीत. उलट लोक मिररलेसकडे जाताहेत म्हणूनच या लेन्स स्वस्तात मिळताहेत.

सोनकी | १२ जून, सायंकाळी ६.४०

कुणीच सिग्मा कंपनीच्या १७-७० चं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. एफ/२.८-४, साधारण पावणेपाचशे ग्रॅम. सेन्सरपासून २२ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, म्हणजे भिंग आणि फूल यांच्यात जेमतेम काही बोटांचं अंतर. कासच्या पठारावर सीतेच्या आसवांचे फोटो मी याच लेन्सने काढते. नावात मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लिहिलंय, पण खरी मॅक्रो नव्हे, फूल खऱ्या आकाराच्या साधारण एकतृतीयांश उमटतं. तेवढं मला पुरतं. वाडे नि भिंती माझ्या वाट्याला येत नाहीत, त्यामुळे रुंदीबद्दल गप्प बसते.

गवतफुला | ७ जुलै, रात्री ८.१५

मंडळी, जिवंत आहे. मध्ये आषाढ, पालखी, पाहुणे.

या शनिवार-रविवारसाठी १५-८५ आणि १७-५५ दोन्ही भाड्याने आणल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव असतो तिथे गेले. १७-५५ ने तीस-चाळीस फोटो असे आले की मी स्वतःच चकित. उगारलेली टिपरू थांबलेली, मागचे दिवे लोण्यासारखे विरघळलेले. १५-८५ ने तिथे आयएसओ ६४०० ला कॅमेऱ्याने दाणेदार रवा पाडला. टिटवीताई, दंडवत.

रविवारी भुलेश्वर. बाहेर रिमझिम, आत जाळीतून येईल तेवढाच उजेड, ट्रायपॉड नेला नव्हता. स्त्रीरूपातल्या गणपतीचा फोटो १५-८५ ने, खांबाला टेकून, १/८ ला, तिसऱ्या प्रयत्नात काटेकोर आला. आणि ज्या मंडपात मागच्या वेळी मी कोपऱ्यात चेंगरून उभी होते तिथे १५ वर दोन्ही बाजूंचे खांब पायापासून माथ्यापर्यंत आले.

पण खरा निकाल दिला मनगटाने. १७-५५ घेऊन तीन तास फिरल्यावर रात्री वाटी धरवेना. १५-८५ सुद्धा काही पिसासारखी नाही, ५७५ ग्रॅम आहे. सत्तर ग्रॅमने एवढा फरक पडावा हे पटत नाही, पण पडला. कदाचित ढोलाच्या सरावात कॅमेरा सतत डोळ्याला लावून होते म्हणून असेल.

१५-८५ शोधतेय. वापरलेलीच मिळणार. काय काय बघून घेऊ?

तिठा | ७ जुलै, रात्री ११.०५

पहिलं म्हणजे बुरशी. आम्ही कुडाळचे, या विषयात आमची पीएचडी आहे. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात, कपाटात ठेवलेली माझी एक चांगली लेन्स दोन पावसाळ्यांत गेली. दोन्ही टोकांची टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका पाडा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर दुकानदार किंवा मालक काहीही म्हणो, उठून या. धुळीचे चारदोन कण दिसले तर घाबरू नका, ते फोटोत येत नाहीत. कॅननच्या लेन्सच्या आतल्या, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्या बॉडीवरून काढल्यावर उघड्याच राहतात, त्यामुळे आरपार दिसतं. (निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सला मागची बारीक दांडी बोटाने सरकवावी लागते. चकवा, तुमच्या मेव्हण्याला सांगा.)

मग लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावा. विटांची भिंत किंवा पाट्यांनी भरलेली इमारत समोरासमोर घ्या, १५ वर एफ/५.६, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा भुरकट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. समोरची फिल्टरची कड चेपलेली आहे का तेही बोट फिरवून बघा. रिंग फिरवताना वाळू कचकचते का? समुद्रावर फिरवलेल्या लेन्सची ती खूण. आयएस चालू करून बटण अर्धं दाबा, हलकी गुणगुण ठीक, खडखड नको.

या लेन्सची एक सवय सांगून ठेवतो: कॅमेरा तोंड खाली करून लटकवला की नळकांडं आपोआप लांब होत जातं. कुलूप नाही. दोष समजू नका, पण सौदा करताना चेहरा पाडायला उपयोगी आहे. व्हिडिओत १८-१३५ सारखा मुलायम फोकस मिळणार नाही. आणि पावसाचं: ईएफ-एस मालिकेत पाण्यापासून सील केलेली एकही लेन्स नाही, तुमची बॉडीही नाही. छत्री नि प्लॅस्टिकची पिशवी सोबत ठेवा.

घरी आणल्यावर झाकणाचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. तांदूळ घालू नका, त्याची पूड रिंगमध्ये शिरते.

कातळ | ८ जुलै, सकाळी ८.५०

मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टात बोरा बाजारात एक चक्कर मारा. वस्तू हातात घेऊन बघता येते. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्याच. माझ्या एका मित्राला "इंटरनॅशनल वॉरंटी" म्हणून नवी लेन्स विकली, दुरुस्तीच्या वेळी ती वॉरंटी नेमकी कुठल्या नेशनची ते कुणालाच सांगता येईना.

बाबूराव_पन्नास | ८ जुलै, सकाळी ९.३०

तांदळाबद्दल असहमत. आम्ही तीस वर्षं तांदळातच ठेवतो.

तिठा | ८ जुलै, सकाळी ९.४१

काका, तुमची लेन्स पन्नास मिमीची, झूमची रिंगच नाही. पूड शिरणार कुठे? :)

गवतफुला | ३ ऑगस्ट, रात्री ९.५५

घेतली! एका निवृत्त बँकवाल्या काकांकडून, बजेटच्या आत. त्यांनी ती लोखंडी कपाटात बल्ब लावून सांभाळली होती. टॉर्च, भिंत, कोपरे, सगळं त्यांच्यासमोर केलं. उजवा वरचा कोपरा मला जरा मऊ वाटला, पण कॅमेरा उलटा धरून काढला तर मऊपणा त्याच पाटीबरोबर राहिला, म्हणजे मी भिंतीला सरळ उभी नव्हते. काका शांतपणे चहा पीत बघत होते. म्हणाले, "मुलगी बघायला आल्यासारखं चाललंय."

उरलेल्या पैशात ५० मिमी एफ/१.८ घेतली, १६० ग्रॅम. ढोलपथकाच्या दिवशी ती खिशात. बाबूराव काका, तुमच्यासाठी एवढं केलं.

आता दोन शंका. हूड (भिंगावर तिरकं ऊन पडू न देणारी पुढची कड) सोबत नव्हतं, कुठलं घेऊ? आणि पावसात पानांवरची चमक घालवायला पोलरायझर घ्यायचा आहे. १८-५५ चा जुना फिल्टर यावर बसत नाही.

टिटवी | ३ ऑगस्ट, रात्री १०.१०

अभिनंदन! बसणार नाही, हिला ७२ मिमीचा लागतो. पोलरायझर पातळ कडेचा घ्या, जाड कडेचा असेल तर १५ वर कोपरे काळे होतात. त्याच्याखाली आणखी दुसरा फिल्टर ठेवू नका. आणि तो साधारण एक-दीड स्टॉप प्रकाश खातो, तेव्हा वाड्याच्या आत शिरताना आठवणीने काढा.

तिठा | ३ ऑगस्ट, रात्री १०.३६

हूड ईडब्ल्यू-७८ई. कंपनीचं महाग पडतं, त्याच मापाचं साधं बाजारात मिळतं, ते चालेल. १८-१३५ चं वेगळं असतं, दुकानदार तेच खपवायला बघेल. लावून, फिरवून, टक आवाज आला की मगच पैसे द्या.